आठवड्यातून एकदाच

लग्न होऊन शिरूरला आले तेव्हा माहेरून, दौंडहून, शिलाई मशीन सोबत आणलं होतं. गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज माझ्याकडेच यायचे. मुलगी बालवाडीत जायला लागली त्या वर्षी सकाळी बोटं मिटेनाशी झाली. कात्री धरली की अंगठ्यातून कळ निघायची. गावातल्या डॉक्टरांच्या इंजेक्शनांनी चार दिवस बरे जायचे, मग पुन्हा तेच. शेवटी पुण्याला सांध्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एकेक पेर दाबून पाहिलं आणि आमवात असल्याचं सांगितलं.

"औषध लांबचं आहे," ते म्हणाले. "बरं वाटलं तरी मनानं सोडायचं नाही."

गोळ्या आठवड्यातून एकदाच घ्यायच्या, रविवारी. चुकून रोज घेतल्या तर जिवावर बेतेल, असं त्यांनी बजावलं. गुण यायला दोन-तीन महिने लागणार होते. दिवाळीचं शिवण तोंडावर आलेलं आणि मला महिने मोजायला सांगत होते.

शिरूरच्या मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचून घरात कॅन्सर कुणाला झालाय असं विचारलं. तेच औषध कमी मात्रेत सांध्यांना देतात, हे पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं. तोवर मी रोज मरत होते.

आई दौंडहून आली. तिचा या गोळ्यांवर विश्वासच बसेना.

"आठवड्यातनं एकदा? औषध हाय का उपास?" ती म्हणाली, आणि पाटसकडच्या कुण्या वैद्याची पुडी मधातून चाटवायला लागली. आईच्या हातचं म्हणून मीही घेत राहिले.

रविवारच्या गोळ्यांनी सोमवारी फोडणीच्या वासानं मळमळायचं. यांची सणसवाडीच्या कंपनीत पहिली पाळी असायची. निघण्याआधी माझ्या ब्लाउजचे हूक लावून द्यायचे. एकदा त्यात कंपनीची बस चुकली. त्यांनी डबा तेवढा आदळला. मला त्यांचा नाही, माझ्या हातांचा राग आला.

तिसऱ्या महिन्यात मूठ वळायला लागली. आणि नेमकं तेव्हाच रक्ताच्या तपासणीत लिव्हर बिघडल्याचं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या.

"सोडायचं नाही म्हणून तुम्हीच सांगितलं होतं," मी म्हणाले. आवाज चढला होता.

ते शांतपणे म्हणाले, "चिडा, पण थांबा. दुसरं काही घेताय का?"

मी पुडीचं सांगितलं. ती आधी बंद करा म्हणाले. पुडीमुळे झालं की गोळ्यांमुळे, हे मात्र त्यांनाही ठामपणे सांगता येईना. आईला कळलं तेव्हा ती पिशवी भरून दौंडला गेली, आणि संक्रांतीपर्यंत आली नाही. तिला दोष दिला नव्हता; तिनंच तो उचलून नेला.

गोळ्या थांबल्या तशी सूज मनगटापर्यंत चढली. रक्त सुधारल्यावर त्याच गोळ्या कमी करून सुरू झाल्या, जोडीला दुसरी आली, मग पहिली पुन्हा थोडी वाढली. दर खेपेला रक्त द्यायचं आणि दर खेपेला तेच ऐकायचं, अजून थोडं थांबा.

दोनएक वर्षांनी हात बराचसा ताळ्यावर आला, पण पूर्वीचा नाही. आता कापड बेतायला शेजारची एक बाई येते, मी मशीनवर बसते. लग्नसराईतलं काम घेताना मात्र आधी सकाळी बोटं किती मिटतात ते बघते, मगच हो म्हणते.