चंद्राचं घड्याळ, पोलादपूरची वेळ

पोलादपूरला एसटी स्टँडसमोर बाबांचं किराणा दुकान होतं आणि दुकानातलं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे असे. डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं बाजार करून शेवटच्या गाडीनं परतत. ती चुकली की मुक्काम स्टँडवर. त्यामुळे बाबांच्या हाती लागेल ते घड्याळ पुढे जायचं, आईचं मनगटी घड्याळसुद्धा. खरी वेळ दाखवून उपयोग काय, गाडी गेली हे कळायला? असं ते विचारत.

आणि मी पुण्यात घड्याळंच बनवायला लागले, तीही चंद्रासाठी. चंद्राभोवती फिरणारं यान नेमकं कुठे आहे, हे संदेश पोचायला लागणाऱ्या वेळेवरून काढतात. तिथे पापणी लवण्याइतकी चूकही चालत नाही. आमच्या छोट्या प्रयोगशाळेनं तसं घड्याळ एका डब्यात बसवलं होतं, पण पुढच्या कामाला पैसा नव्हता. तो मुंबईतली एक समिती देणार होती. अट एवढीच, की घड्याळानं प्रवासाचे हादरे खाऊनही अचूक वेळ दाखवावी. मी लगेच म्हटलं, आमच्या वरंधा घाटापेक्षा चांगले हादरे कुठे मिळणार? डबा घेऊन एसटीनं महाडला उतरले आणि मुक्कामाला घरी गेले.

संध्याकाळी बाबांना डबा दाखवताना माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. हे तास, ही मिनिटं, या बटणानं पुढेमागे होतात. बाबा चष्मा कपाळावर सरकवून ऐकत होते. सकाळी त्यांनीच घाई करून मला गाडीत बसवलं. घरून निघाल्यावर मुंबईपर्यंत डबा उघडायचा नाही असं मी ठरवलेलं, म्हणून तो मांडीवर धरून बसले.

समितीसमोर उघडला, तर घड्याळ दहा मिनिटं पुढे. काय झालं ते मला क्षणात उमगलं. फक्त मिनिटं बटणानं पुढे केली गेलीत, सेकंद तंतोतंत जुळतायत, हे मी जीव तोडून सांगितलं. अध्यक्षांनी शांतपणे विचारलं, “हात कोणी लावला?”

“वडिलांनी. एसटी चुकू नये म्हणून आमच्याकडे घड्याळं पुढेच ठेवतात.”

सगळे हसले. चंद्रावरही एसटी चुकते का, असं कोणीतरी विचारलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं; पण मीसुद्धा हसले, बाबा माझे कोणी नसल्यासारखी. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. कोणीही हात लावू शकेल अशा उपकरणाला पैसा देता येणार नाही, असं सांगून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं. त्यांचंही चुकलं नव्हतं.

बाहेर येऊन मी एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला, बाबांना चांगलं झापायचं ठरवूनच.

“वेळेत पोचलीस ना गो?” त्यांनीच आधी विचारलं.

“पोचले.”

“मग! तुझं घड्याळ मीच पुढं केलं हाय. मुंबईत आपल्यासाठी कोण थांबतंय? काम झालं ना?”

“झालं, बाबा,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढे काही वर्षांनी आपलं यान चंद्राकडे निघाल्याची बातमी आली, तेव्हा मी सुट्टीला घरी होते. बाबा वाडीवरच्या गिऱ्हाइकाला साखर तोलून देत होते.

“त्यातलं घड्याळ माझ्या लेकीचं हाय,” ते म्हणाले. “दहा मिनिटं पुढं लावलंय, चुकायचं नाय.”

गिऱ्हाइकानं कौतुकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून साखरेची पुडी बांधत राहिले.