सायखेड्याच्या रस्त्यावर आलेला फोन

कुजलेल्या कांद्याचा वास आला की मला सायखेड्याचा रस्ता आठवतो. आजारी मावशीला भेटून मी स्कूटीवरून नाशिक रोडला घरी परतत होते. ट्रॅक्टरमधून सांडलेले कांदे चिरडून रस्ता चिकट झाला होता; त्यावरून गाडी घसरली आणि मी कडेला आपटले. गुडघा फुटला, तळहात सोलवटला. शेजारच्या शेतातून एक बाई धावत आली आणि "लय लागलं हो ताई," म्हणत कळशीतलं पाणी जखमेवर ओतू लागली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. माझ्या काळजीपोटी म्हणून त्याने माझं लोकेशन स्वतःच्या मोबाइलवर दिसेल असं करून ठेवलं होतं; मी बाईला तसं सांगितलं. "बघा, मालकांना कळलं पण," बाई म्हणाली, आणि मलाही हायसं वाटलं. फोन उचलला तर तो म्हणाला, "एवढा वेळ एकाच जागी काय करतेयस? सोबत कोण आहे?" बाईला ते ऐकू गेलं. ती मान खाली घालून पाणी ओतत राहिली. "मी पडलेय," मी म्हटलं. तो म्हणाला, "फोटो पाठव." मी रक्ताळलेल्या गुडघ्याचा फोटो काढला आणि पाठवला. आता आमची मुलगी कॉलेजला जाते आणि तिचंही लोकेशन त्याच्या मोबाइलवर दिसतं. परवा तिला यायला उशीर झाला, तेव्हा न राहवून मीच त्यात तिचा ठिपका शोधला. तो रस्त्यात थांबलेला दिसला. मी घाबरून तिला फोन केला, "लागलं नाही ना गं कुठे?"  ती म्हणाली, "म्हणजे तूही बघतेस."