दोन पाण्यांचा राखणदार

पांढुर्ण्याच्या स्टेशनापासून पायी दहा मिनिटांवर नारंगी निवास नावाची चार मजली इमारत आहे. सोळा घरं, एक जिना, गच्चीवर दोन टाक्या आणि तळाला पंपाची खोली. त्या खोलीच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर अर्धे डोळे मिटून बसलेला माणूस दिसला, की समजावं हा वामन खवसे. बघणाऱ्याला वाटतं, झोपलाय. तसं समजून कुणी नळ वाहता ठेवून बाहेर पडलं, तर वामन डोळेही न उघडता म्हणतो, "दुसऱ्या मजल्यावर न्हाणीतला नळ चालू हाय, जी." आणि तो चालू असतोच.

वामन मूळचा तिगावचा. संत्र्याच्या बागांना पाणी देण्यात त्याची तीस वर्षं गेली. हिवाळी सकाळी दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, पाणी सोडायचं आणि त्याच्या मागोमाग अनवाणी चालत राहायचं, एवढंच त्याचं काम. आळं भरलं की फावड्यानं माती ओढून पाणी पुढच्या झाडाकडे वळवायचं. झाडांना मोहोर असला की त्या वासात त्याला गुंगी यायची आणि पायच रस्ता ओळखत. संत्र्याच्या खोडाला पाणी लागू द्यायचं नसतं, लागलं तर साल कुजते, झाड जातं. म्हणून खोडाभोवती मातीचा एक वेढा करायचा आणि पाणी त्याच्या बाहेरच फिरवायचं. हे वामनला इतकं अंगवळणी पडलं होतं की झोपेतसुद्धा त्याचा हात माती ओढल्यासारखा हलायचा. त्याची बायको लीलाबाई यावरून त्याला अजून चिडवते.

पुढे सगळ्या बागांत ठिबक आलं आणि पाण्यामागे चालणाऱ्या माणसाची गरज संपली. वामन पांढुर्ण्याला आला, एका प्लंबरच्या हाताखाली नळजोडणी शिकला आणि नारंगी निवास बांधून झाली तेव्हा तिथेच राहिला.

या इमारतीत पाणी दोन वाटांनी चालतं. नगरपालिकेचं पाणी पांढऱ्या पाइपातून स्वयंपाकघरात आणि न्हाणीत जातं. आंघोळीचं, कपड्यांचं सांडपाणी खाली येतं, तिथे ते निवळतं, वाळूतून गाळलं जातं, त्यात औषध पडतं आणि मग ते जांभळ्या पाइपातून पुन्हा वर चढतं, फक्त संडासाच्या टाक्यांसाठी आणि अंगणातल्या झाडांसाठी. वामनला या फेऱ्याचं भारी नवल वाटायचं. सकाळी कुणाच्या तरी अंगावरून गेलेलं पाणी दुपारी लिंबाच्या मुळाशी पोचलेलं असायचं. पंपाच्या घरघरीत डोळे मिटून तो ती वाट मनातल्या मनात चालून यायचा, अगदी तिगावच्या दांडावरून चालायचा तशी.

राहायला आलेल्या माणसांना तो एकच गोष्ट सांगायचा. "या दोघी जावा हायेत. घर एक, पण चूल येगळी. एकमेकींच्या भांड्याले हात लागला का सपलं." बायका हसायच्या आणि लक्षात ठेवायच्या.

एवढा सावध माणूस, पण त्याच्यात एक खोट होती. वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हणणं त्याला जन्मात जमलं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर भगवंतराव गुरुजी राहायचे. सौंसरच्या शाळेतून हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले, पण त्यांची पहिली नेमणूक तिगावची. वामनला पाटीवर पहिलं अक्षर त्यांनीच गिरवायला लावलं होतं. चैत्रात गुरुजी त्याला म्हणाले, "वामन, जांभळ्या लाइनीवर एक तीन तोंडाची टी बसवून दे. बाल्कनी धुवाले होईल. चांगलं पानी काहून वाया घालवायचं?" जांभळ्या लाइनीला कुठेही नवा फाटा द्यायचा नाही हा इमारतीचा नियम, आणि तो सगळ्यांना ऐकवणारा वामनच. तरी तो पाना घेऊन वर गेला, टी बसवून आला आणि कुणाला बोलला नाही. गुरुजींना नियम काय सांगायचा, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्या दिवसापासून तिसऱ्या मजल्याचा जिना चढताना त्याची नजर आपोआप खाली जायची.

मग नवतपा आला, उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. आभाळ पांढरं पडलं, लिंबाचं पानही हलेना, आणि दुपार झाली की साऱ्या पांढुर्ण्याला ग्लानी आल्यासारखं व्हायचं. नळाला दर तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागलं. आपल्याकडे उन्हाळ्यात माणसं एक वेळ उपाशी राहतील, पण कूलरवाचून राहणार नाहीत, आणि कूलर तर पाण्याला भारी खादाड. घरोघरी त्यासाठी बादल्या जपून ठेवल्या जात. गुरुजींकडे तर लेक उर्वशी बाळंतपणाला आलेली, बाळ वीस दिवसांचं. पण त्यांच्या घरचा कूलर दिवसभर चालायचा, कधी कोरडा पडायचा नाही. जिन्यात भेटणाऱ्या बायका म्हणत, गुरुजींची पाण्याची काटकसर पाहावी. वामनही तेच म्हणायचा. त्याच्या मनात काही आलंच नाही, आणि पुढे याचंच त्याला सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

महिन्यातून एकदा वामन पाण्याला ताण द्यायचा. शब्द बागेतला. संत्र्याला बहर धरायचा तर आधी काही आठवडे झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण म्हणतात. वामन पांढऱ्या टाकीचा कॉक बंद करायचा आणि घरोघरचे पांढरे नळ उघडे ठेवायला सांगायचा. थोड्या वेळानं सगळे कोरडे पडायला हवेत. जो नळ कोरडा पडत नाही, त्याला दुसरीकडून पाणी येतंय हे उघड. तीन वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला नळ एकेक करून खोकले आणि गप्प झाले. तळमजल्यावर अमिता राहते. ती विज्ञान शिकवते आणि इमारतीचा कारभार बघते. तिच्या स्वयंपाकघरातला नळ मात्र थांबेना. सुतळीएवढी धार लागून राहिली होती. वामननं पाणी बोटावर घेतलं, हुंगलं. वास नव्हता. रंगही नव्हता.

"टाकीतलं उरलेलं असेल, काका," अमिता म्हणाली.

"उरलेलं पानी दम तोडते, ताई. हे दम धरून हाय."

तो गच्चीवर गेला. तपासणीसाठी ठेवलेला हिरवा रंग त्यानं जांभळ्या टाकीत ओतला आणि खाली येऊन अमिताच्या ओट्याशी उभा राहिला. ऊन खिडकीतून आत आलं होतं. बाहेरून नागपूरकडे जाणारी गाडी गेली, तिचा आवाज लांबत लांबत विरला. वामनला वाटलं, हे सगळं आपण झोपेत पाहतोय, आता लीलाबाई हलवून उठवेल. स्टीलच्या पातेल्यात आधी नुसतं पाणी पडत राहिलं. मग त्यात एक बारीक हिरवी रेघ उतरली आणि हळूहळू सगळं पातेलं हिरवं झालं.

अमितानं तोंडावर हात ठेवला. वामन जिना चढू लागला. कुठे जायचं हे त्याच्या पायांना माहीत होतं.

गुरुजींच्या घराचं दार लोटलेलं होतं. बाहेरच्या खोलीत पाळणा, आणि पाळण्यात बाळ मुठी वळून गाढ झोपलेलं. उर्वशी आणि तिची आई देवकाबाई रात्रभराच्या जागरणानं आत आडव्या झालेल्या. गुरुजी पाळण्याची दोरी धरून डुलक्या घेत होते. खिडकीत कूलर घुमत होता, आणि त्याच्या वाळ्याच्या ओल्या ताट्यांवरून हिरवे थेंब खाली ओघळत होते. खोलीत गारवा होता, वाळ्याचा गोड वास होता. पाहिलं तर इतकी सुखाची खोली साऱ्या गावात नसेल.

वामननं आधी कूलर बंद केला, मग खिडकी सताड उघडली. कूलरमागे त्याचीच टी, तिला जोडलेली नळी, शेजारून पांढऱ्या लाइनीची दुसरी नळी, पुढे दोन्ही एकाच तोंडाला जोडलेल्या, आणि दोन कॉक. दोन्ही उघडे.

गुरुजी दचकून जागे झाले. "काय करून राहिला, वामन?"

"गुरुजी, हे कधीपासून?"

"पोरगी आली तवापासून. चांगलं पानी सपलं का तो कॉक खोलतो. काल बंद कराचा राहिला वाटते." गुरुजींना अजून उमगलं नव्हतं. "अरे, मी ग्लासात धरून पाह्यलं ना. काचेवानी स्वच्छ हाय."

"दिसाले स्वच्छच असते, जी. पन धुवाले येगळं अन् श्वासात घ्याले येगळं. कूलर त्याचे बारीक थेंब करून हवेत उडवते. ते लेकरू थेच हवा घेऊन राहिलं. अन् दोन्ही कॉक खुले, म्हणून हे पानी पांढऱ्या लाइनीत उतरलं. खाली ताईच्या ओट्यावर हिरवी धार लागली."

गुरुजींनी वाळ्याकडे पाहिलं, मग नातवाकडे. त्यांचा चेहरा एकाएकी फार म्हातारा दिसायला लागला. ते उठले, घरातला माठ उचलून मोरीत उपडा केला आणि म्हणाले, "यायले उठवू नको, मी सांगतो. पन लोकं पानी पित असतीन. चाल, पह्यले त्यायले थांबवू."

वामननं दोन्ही कॉक बंद केले, नळ्या तोडल्या, आणि दोघं दारोदार निघाले. प्रत्येक दारात गुरुजी सांगायचे, "माझ्या हातून गलती झाली. नळाचं पानी पिऊ नका, उकळूनही नाही. रिपोर्ट येईस्तोवर कॅनचं आणा. भरलेले माठ उपडे करा." वामन मागून म्हणायचा, "टी म्या बसोली होती. थे गलती माझी." एका दारात तर दोघांत कुणाची चूक मोठी यावरून इतकी हुज्जत लागली की घरातल्या मंगेशला दोघांना पाणी विचारावंसं वाटलं, आणि पाणी कुठलं देऊ हे न कळून तो तसाच उभा राहिला. कुणी चिडलं, कुणी नुसतं दार लावून घेतलं. गेल्याच आठवड्यात गुरुजींच्या काटकसरीचं कौतुक करणाऱ्या विजयाबाई त्यांच्या नजरेला नजर देईनात.

पंधरा दारं झाली. सोळावं गुरुजींचं स्वतःचं. त्या दारापाशी गुरुजी थांबले. चाळीस वर्षं वर्गावर उभं राहून बोललेला माणूस, त्याला तोंड उघडेना. वामन पुढे सरला, तेवढ्यात दार आतूनच उघडलं. घामानं भिजलेली उर्वशी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती.

"बाबा, कूलर काहून बंद केला?"

गुरुजींनी सांगितलं. तीन वाक्यांत सांगितलं, काही लपवलं नाही. उर्वशीनं वळून वाळ्यावरचे हिरवे डाग पाहिले. ती ओरडली नाही. "आई, चपला घाल," एवढंच म्हणाली आणि वडिलांकडे न बघता देवकाबाईला घेऊन जिना उतरली. गुरुजी मागे निघाले तशी ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ." रिक्षा फाटकातून गेली.

गुरुजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले. वामन त्यांच्याखाली फरशीवर बसला. गच्चीवरची पांढरी टाकी उपसायची होती, लाइनी औषधानं धुवायच्या होत्या, नमुना पाठवायचा होता. अमितानं त्याचं वेळापत्रक करून माणसंही बोलावली होती. तिनं वामनला सुनावलं नव्हतं, अजून तरी. तरी तो गुरुजींना एकटं सोडून उठला नाही.

दुपारचा पाऊण वाजला. अंगणात ऊन पांढरं झालं होतं.

"वामन," गुरुजी म्हणाले, "टी मागितली तवा तू मले 'नाही' काहून नाही म्हटलं रे?"

वामन फरशीकडे बघत म्हणाला, "तुमीच शिकोलं होतं, जी. मोठ्या माणसाले उलटून बोलू नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तो हातातच ठेवून बसले. वामनला त्यांची इतकी दया आली की आपण हे बोललो नसतो तर बरं, असं वाटलं. आणि खरं ते एकदाचं बोललो, हेही वाटलं.

दीडच्या सुमाराला रिक्षा परत आली. देवकाबाई आधी उतरली, मागून उर्वशी. तिचे डोळे लाल होते. वामन उभा राहिला. गुरुजी पायरीवरूनच तिच्याकडे बघू लागले.

"छाती साफ आहे म्हणाले डॉक्टर," उर्वशी म्हणाली. "आठ दिवस ताप येते का पाहायचं. बाळ नीट दूध पिते तोवर भ्यायचं नाही म्हणाले."

देवकाबाईनं नुसते हात जोडले. उर्वशीनं जिन्याकडे पाहिलं, तीन मजले. मग ती वडिलांसमोर येऊन थांबली.

"धरा याले. माझे टाके ओढतात, मले चढवत नाही."

"माझ्याजवळ देतं?" गुरुजी म्हणाले.

"मग कोणाजवळ देऊ?"

गुरुजी उठले, चष्मा खिशात टाकला आणि दोन्ही हात पुढे केले. बिनचष्म्याचं त्यांना पायरी दिसणार नाही म्हणून वामननं न विचारता खालून आपलाही हात लावला, आणि दोघं मिळून बाळाला घेऊन एकेक पायरी चढू लागले.