तीन बोटी, एक सोंगटी

पाणबुड्या हुडकणाऱ्या छोट्या बोटीवर काकांनी एकोणीस वर्षं एकच काम केलं: कानाला हेडफोन लावून पाण्याखालचे आवाज ऐकणं. निवृत्तीनंतर दोन वर्षांत काकू गेल्या. मुलगा परगावी. उरली रविवारची दुपार. ती छापखान्याच्या वरच्या हॉलमध्ये जायची. तिथे सात-आठ हौशी मंडळी टेबलं जोडून निळं कापड अंथरायची आणि आरमारी लढाई खेळायची.

नियमांच्या वहीत प्रत्येक मोठ्या युद्धनौकेला अख्खं पान होतं. छोट्या बोटींना एक ओळ: तीन मिळून एक सोंगटी, एक फासा, सहा पडले की पाणबुडी बुडाली.

"काका, तुमच्या बोटी म्हणजे लिंबूटिंबू," दंतवैद्य म्हणायचे. मंडळाचे प्रमुख तेच. वहीची नवी आवृत्ती त्यांच्याच हातात होती.

काकांनी तीन महिने खपून नवा नियम लिहिला. प्रत्येक बोट वेगळी. पाणबुडीने आपली खोली चिठ्ठीवर गुपचूप लिहून ठेवायची. बॉम्ब टाकले की त्या दणक्यांनी आपलीच बोट बहिरी होते; म्हणून त्या खेळाडूने दोन पाळ्या टेबलाकडे पाठ करून उभं राहायचं. तेवढ्यात पाणबुडी कुठे वळली, ते जोडीदार बोटीने त्याला सांगत राहायचं. आज त्याची चाचणी होती. जमलं तर नियम वहीत जाणार होता.

"जोडीदार कोण?" दंतवैद्यांनी विचारलं.

सगळे आपापल्या तोफांकडे बघू लागले. शेवटी गॅरेजवाला म्हणाला, "द्या, माझ्या क्रूझरबरोबर सांभाळतो."

गणिताच्या बाई पाणबुडी चालवत होत्या. काकांनी तिच्यावर बॉम्ब टाकले आणि पाठ फिरवली. समोर भिंत, भिंतीवर आग विझवायच्या सूचना. मागे फासे खळखळत होते, कुणाची तरी युद्धनौका पेटली होती. एक पाळी झाली. दोन. चार. काका कान देऊन उभे होते.

"अरेच्चा! काका, तुम्ही अजून उभेच?" दंतवैद्य म्हणाले.

हशा पिकला. गॅरेजवाल्याने जीभ चावली. "क्रूझरच्या नादात साफ विसरलो हो." बाईंची पाणबुडी केव्हाच कापडाबाहेर निसटली होती.

"खऱ्या बोटीवर असं व्हायचं का हो?" त्याने ओशाळून विचारलं.

"नाही. दुसऱ्या बोटीवरचा माझा जोडीदार एकसारखा बडबडत असायचा. वैताग यायचा त्याचा."

"पुन्हा खेळून बघू," दंतवैद्य नरमाईने म्हणाले. "पण जोडीदार कोण होणार?"

गॅरेजवाला क्रूझरचे फासे गोळा करू लागला. काकांनी पेन्सिल घेतली, नियमावर सरळ रेघ मारली आणि दोन बोटी डब्यात ठेवल्या.

डाव नव्याने मांडला. काकांनी जुन्या नियमाने एकच फासा टाकला. सहा! पाणबुडी बुडाली. टाळ्या पडल्या, गॅरेजवाल्याने पाठ थोपटली.

"बाई," काकांनी विचारलं, "किती खोल होता तुम्ही?"

"जुन्या नियमात खोली नसतेच ना, काका," असं म्हणून बाईंनी आपली सोंगटी उचलली.