तबकडीतला श्वास

माझा मित्र सुहास जुन्या रेडिओच्या तबकड्या जमवतो. परातीएवढ्या मोठ्या असतात त्या, घरच्या ग्रामोफोनवर न मावणाऱ्या. मोठमोठ्या बँडचे कार्यक्रम त्यांवरून रेडिओवर लागायचे आणि मग बहुतेक तबकड्या भंगारात जायच्या. सुहास त्या हळुवार धुतो, वाजवतो आणि संगणकावर उतरवून घेतो.

परवा त्याच्याकडे रोझीताई आल्या होत्या. त्यांचे वडील मुंबईतल्या एका हॉटेलच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. रोझीताई लहान असतानाच ते वारले. त्याच बँडची एक तबकडी सुहासला मिळाली होती. त्याने सुई टेकवली. आधी नुसती खरखर, मग कुणीतरी नाकाने खोल श्वास घेतला आणि ट्रंपेटचा सूर उसळून वर गेला.

"सुरुवातीचं हे कापून टाकतो," सुहास म्हणाला.

"नको हो!" रोझीताई जवळजवळ ओरडल्याच. "तो श्वास पप्पांचा आहे. घरी वाजवायला लागायच्या आधी अस्साच घ्यायचे."

सूर टिकावा म्हणून माणसांनी केवढा खटाटोप केला होता. श्वास जपायचं मात्र कुणाच्या मनातही नसेल. माणूस गेला, बँड मोडला, आणि छातीत भरून घेतलेली ती हवा अजून ऐकू येत होती.

सुहासने तेवढाच तुकडा पुन्हा लावला. रोझीताई डोळे मिटून ऐकत राहिल्या.

"केवढा दमदार," त्या हळूच म्हणाल्या. "आज माझा मुलगा आहे ना, त्याच्याहूनही लहान होते हो ते तेव्हा."