जपून ठेवलेली अबोली

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. बायकोला जाऊन वर्ष होत आलं होतं. मी एकच गोष्ट ठरवली होती. वर्षश्राद्धाला तिच्या फोटोला हार घालायचा तो तिच्याच अबोलीचा. विकतचा नाही.

अबोलीची कुंडी बंगळुरात येलहंक्याच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत होती, अजून आहे. बायको रोज सकाळी फुलं काढायची, केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गजरा बांधायची आणि तो माळून खाली भाजीला जायची. कोपऱ्यावरची फूलवाली तिला म्हणायची, "अक्का, तुम्ही असा गजरा घालून समोरून गेलात तर माझ्या टोपलीकडे कोण बघणार?" वर येऊन ही मला सांगायची. मी हं म्हणायचो. ती झाडाचं नेमकं काय करते ते मी कधी बघितलं नाही. फुलं काढते, त्यात बघायचं काय.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं चिकपेटच्या कापडदुकानात शिकलो. तिथे साड्यांचा माल माझ्याकडे असायचा. सण जवळ आला की चांगल्या साड्या आधी बाहेर काढायच्या नाहीत, मागच्या फडताळात ठेवायच्या आणि ऐन हंगामात काढायच्या. यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. मालकसुद्धा मला विचारून माल काढायचा.

तेच मी अबोलीला लावलं. श्राद्धाच्या तीन महिने आधी घरात सांगून टाकलं, आजपासून झाडाला कुणी हात लावायचा नाही. सून पुण्याची, कंपनीत कॉम्प्युटरवर काम करते. तिने एकदा देवाला फुलं काढली.

"अप्पा, चारच तर काढली."

"चार चार करूनच फडताळ रिकामं होतं," मी म्हटलं.

तिने पुन्हा झाडाकडे बघितलं नाही.

सुरुवातीला झाड केशरी झालं होतं. मी रोज खुर्ची टाकून बसायचो. मग फुलं फरशीवर गळायला लागली. गळू देत, नवी येतील म्हटलं. नवी आली नाहीत. गव्हाच्या ओंबीसारखे दांडे तेवढे लांब झाले, आधी हिरवे, मग तपकिरी. मी पाणी वाढवलं. खत घातलं. विचारलं मात्र कुणाला नाही.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी झाडावर एक फूल नव्हतं.

मुलगा म्हणाला, "अप्पा, मी मार्केटातून हार आणतो. आईला काय कळणार आहे?"

"तिला नाही कळलं तरी मला कळतं."

"मग फोटो तसाच ठेवायचा?"

"तसाच."

दुसऱ्या दिवशी श्राद्ध झालं. भटजी आले, पिंड ठेवले, पाहुणे जेवले. फोटोला नुसतं गंध होतं. एक-दोघांनी तिकडे बघून माझ्याकडे बघितलं. मी वाढलेलं सगळं खाल्लं. रडू आलं नाही, भूकही नव्हती. दुपारी दूध काढायला फ्रिज उघडला तर मागच्या बाजूला केळीच्या पानात गुंडाळलेला अबोलीचा हार होता. सुनेने आणून ठेवला असणार. मी दूध घेतलं आणि दार लावलं.

संध्याकाळी एक वाळका दांडा मोडून खिशात घातला आणि खाली फूलवालीकडे गेलो. तिच्याशी मी आजवर एक शब्द बोललो नव्हतो. ती कानडीत बोलली, मीही कानडीतच.

तिने दांडा बोटात फिरवला. "हे काय अण्णा? फुलं काढत नव्हता की काय?"

"आजच्यासाठी साठवली होती."

ती तोंडाला पदर लावून हसली. मग माझा चेहरा बघून थांबली. "अबोली साठवून राहते होय? काढत राहिलं की येत राहते. दांड्यावरच राहिली की बी धरते, मग झाडाचं काम संपलं. तुमच्या घरच्या अक्का झालेले दांडे रोज नखाने खुडायच्या. मीच शिकवलं होतं त्यांना."

"मला बोलली नाही कधी."

"तुम्ही विचारलं होतं?"

तिने दांडा माझ्या हातात परत दिला.

"सगळे दांडे कापा आता. खत नको, पाणी स्वल्पच घाला. वाळके दांडे पाण्यात टाका, बी आपोआप फुटून बाहेर येतं. लावा. येतील फुलं."

"सरी, बरं," म्हटलं. तिने गजऱ्याचा तुकडा पुढे केला, फोटोला घाला म्हणून. मी नको म्हटलं.

"त्या म्हणायच्या तसेच आहात," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो. दुकानातून आणलेली माझी कापडाची कात्री काढली. त्या कात्रीने मी बायकोला कधी दोरासुद्धा कापू दिला नव्हता. त्याच कात्रीने एकेक दांडा मुळाशी कापला. झाड बोडकं दिसायला लागलं. वाळके दांडे परातीत पाण्यात टाकले. मग फ्रिजमधून सुनेचा हार काढला. गार होता. पान सोडवून फोटोला घातला आणि समोर उभा राहिलो. बाल्कनीत परातीत बी तडतड फुटत होतं. आवाजाने सून उठून आली. तिने हाराकडे बघितलं. मी म्हटलं, "चहा टाक."