हजार वॅटचा शिक्का

शहाद्याच्या बस स्टँडमागच्या गल्लीत हेमराज पाटलाचं दुकान आहे. स्टॅबिलायझर, इन्व्हर्टर, लग्नात वाजणाऱ्या साउंडवाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, असं जे जे विजेवर चालतं आणि एक दिवस चालेनासं होतं, ते तिथं येतं. हेमराज कळसाडीच्या गुजर घरातला. थोरला भाऊ सुपडू ऊस-कापूस बघतो. हेमराजनं धुळ्याला डिप्लोमा केला आणि पुन्हा शेताचं नाव काढलं नाही.

एका गोष्टीचा त्याला जरा गर्व होता. मेदूवड्याच्या आकाराचा, मधे भोक असलेला ट्रान्सफॉर्मर येतो. धंद्यात त्याला टोरॉइड म्हणतात. आत लोखंडी पट्टीची घट्ट गुंडाळी आणि तिच्यावर तांब्याची तार. हेमराज असा टोरॉइड तळहातावर नुसता तोलून त्याची खरी ताकद सांगायचा, वरच्या शिक्क्यावर काही का छापलेलं असेना. "लोखंड जेवढं जास्त, तार जेवढी जाड, तेवढा तो लोड ओढणार," तो गिऱ्हाइकांना समजावायचा. "शिक्का कोणीही मारेल. वजन कुठून आणेल?" साउंडवाली पोरं मुद्दाम नवे-जुने टोरॉइड आणून त्याची परीक्षा घ्यायची, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघायचा.

होळी जवळ आली होती तेव्हा दिवलीबाई दुकानात आली. मोलगीच्याही पुढे, डोंगरातल्या एका पाड्यावर तिचं घर. नवरा चैत्या काही वर्षं गुजरातेत दगड दळायच्या कारखान्यात होता. तिथली पांढरी भुकटी छातीत घेऊन तो घरी आला, आणि आता चार पावलं चालला तरी बसावं लागायचं. एका संस्थेनं त्याला हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन दिलं होतं, बॅटऱ्याही दिल्या होत्या. पण पाड्यावरची लाइट कधी जायची, कधी इतकी मंद यायची की मशीन नुसतंच पींपीं करत राहायचं.

"लाइट गेली का तो पाण्याबाहेरच्या माशासारखा तोंड उघडतो, भाऊ," ती म्हणाली. "बॅटरीवर चालेल असं काही करून द्या."

हेमराजनं इन्व्हर्टरची पेटी बनवायला घेतली. टोरॉइड नंदुरबारच्या नवनीतकडून मागवला. नवनीत ठोक व्यापारी, वर्षानुवर्षांची ओळख. टोरॉइडवर हजार वॅटचा शिक्का होता. हेमराजनं तो तळहातावर घेतला, वर-खाली केला. भरभक्कम लागला. मशीनला तर त्याच्या निम्मीही ताकद लागणार नव्हती. चहा होईपर्यंत चालवून पाहिला, चालला. एरवी नवा ट्रान्सफॉर्मर बाहेर द्यायच्या आधी तो दिवसभर पूर्ण लोडवर ठेवायचा. पण होळीमुळे दुकानात अ‍ॅम्प्लिफायरचा ढीग लागला होता, पोरं डोक्यावर बसली होती, आणि दिवलीबाईची मोलगीकडे जाणारी जीप निघायला आली होती. त्यानं पेटी बंद केली, दोरीनं बांधली आणि तिच्या हवाली केली.

ऊन तापायला लागलं तसं काम ओसरलं. सुपडूच्या घरासाठी इन्व्हर्टर बनवायचा राहिला होता. त्याच मालातला दुसरा टोरॉइड पडून होता, तो हेमराजनं घेतला. या वेळी घाई नव्हती. लाकडी फळीवर पिवळे बल्ब लावून त्यानं सकाळीच त्याच्यावर लोड टाकला. मीटरवरचा व्होल्टेजचा आकडा उतरला. लोड आला की थोडा उतरतोच, मग थांबतो. हा थांबेना. बल्ब लालसर पडायला लागले. जेवायच्या वेळेला व्हार्निश जळल्याचा वास आला. हेमराजनं टोरॉइडला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला.

तो निवल्यावर त्यानं वरची पट्टी कापली. बोल्ट बसवण्यासाठी मधलं भोक काळ्या लुकणानं भरलेलं होतं. त्यात नवल नव्हतं, पुष्कळ कंपन्या भरतात. पण छिन्नी मारल्यावर त्यातून वाळू गळाली. वाळू, जाड खडीसारखी, ठासून भरलेली. आतली लोखंडाची गुंडाळी बांगडीएवढी बारीक. तार ब्लेडनं खरवडली तर तांबं नुसतं वरून, खाली पांढरं अ‍ॅल्युमिनियम. जे वजन त्यानं लोखंडाचं समजून तोललं होतं, ते वाळूचं होतं. हात सैल सोडून हिशेब केला तरी चारशे वॅटच्या वर जाईना. आणि बंद पत्र्याच्या पेटीत, या उन्हात, तेवढाही नाही.

भूमिका, त्याची बायको, जेवणाचा डबा घेऊन आली ती दारातच थबकली. "काय व्हयनं? तुम्हनं तोंड काबर उतरनं?"

"दिवलीबाईनी पेटीमा बी हाऊच शे," फोडलेल्या टोरॉइडकडे बोट करत हेमराज म्हणाला.

फोन लागत नव्हता. पाड्यावर रेंज आली तर आली. भूमिकानं त्या फोडलेल्या कड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "घरना इन्व्हर्टर लई जा," ती म्हणाली. "आपले पंखा नही ऱ्हायना तरी चाली जाई."

घरचा इन्व्हर्टर जुना, आत चौकोनी जड ट्रान्सफॉर्मर, उचलायला दोन माणसं लागायची. पण कित्येक उन्हाळे तो न कुरकुरता चालला होता. हेमराजनं जीप ठरवली, तो मागे टाकला आणि तळोदा-अक्कलकुव्याचा रस्ता धरला. देवगोईच्या घाटात बाया मोहाची फुलं वेचत होत्या. हेमराजला दुसरंच दिसत होतं. कुडाच्या भिंती, छपरावरचं वाळलेलं सागाचं पान, आणि त्यात तापलेली पत्र्याची पेटी. ड्रायव्हरला तो सारखं "जरा दाब ना" म्हणत होता.

घर उभं होतं. आधी त्यानं तेच पाहिलं.

चैत्या बाहेर चिंचेच्या सावलीत खाटेवर बसलेला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, खांदे वर ओढून. नाकाला नळी नव्हती. लाइट गेलेली होती, पण बॅटरीवर चालायला हवं ते आतलं मशीनही बंद होतं, आणि इन्व्हर्टरच्या पेटीवर ओला फडका टाकलेला होता. हेमराजनं आधी तो फडका उचलला आणि वायर काढली.

"गरम होतं ना, भाऊ," दिवलीबाई म्हणाली. "म्हणून ते थकायच्या आधी बंद करतो. थंड झालं का पुन्हा लावतो."

"कधीपासून?"

"नेलं तेव्हापासून."

"मला निरोप तरी द्यायचा, दिवलीबाई."

"तुम्ही बनवलं ना. आम्हाला वाटलं, ते असंच असतं."

चैत्या हसला. एकेका शब्दासाठी थांबत तो म्हणाला, "मशीनला पण... आराम पाहिजे." त्याची नखं निळसर पडली होती.

हेमराज खाली मातीतच बसला. "मशीन थकत नाही, चैत्याभाऊ. आतला ट्रान्सफॉर्मर खोटा होता. मी तो नीट तपासला नाही."

"वरून... कळत नव्हतं?"

"वजनावरून कळेल असं वाटलं मला."

चैत्यानं मान हलवली. त्याला राग आलेला दिसत नव्हता. "कारखान्यात तोंडाला... कापड द्यायचे. त्याच्यावर पण... काही छापलेलं होतं." मग त्याला खोकला आला आणि बोलणं तिथंच राहिलं.

ड्रायव्हरच्या मदतीनं घरचा इन्व्हर्टर आत नेला, बॅटऱ्या जोडल्या, मशीन लावलं. चैत्या आत येऊन भिंतीला टेकून बसला, नळी नाकाला लावली. ऊन कलेपर्यंत हेमराज ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बसून होता. तो कोमट झाला आणि तिथंच थांबला. मशीन एका सुरात घुमत होतं. हळूहळू चैत्याचे वर ओढलेले खांदे खाली आले आणि बसल्या बसल्याच त्याचा डोळा लागला.

दिवलीबाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी होती. मग तिनं हलक्या आवाजात विचारलं, "म्हणजे इतके दिवस त्याला अशीच हवा मिळाली असती?"

हेमराजला खोटं बोलता आलं असतं. "हो," तो म्हणाला.

ती बाहेर गेली आणि शेळ्या बांधायला लागली. तो निघाला तेव्हाही तिनं वळून पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात हेमराज ते फोडलेलं कडं घेऊन नंदुरबारला गेला आणि नवनीतच्या काउंटरवर ठेवलं. वाळू सांडली. नवनीतनं ती फडक्यानं पुसून घेतली. "अरे हेमराज, शिक्के सगळेच असे मारतात. तू चारशे धरून चाल, संपलं."

"मग चारशे छाप."

"चारशेचा कोण घेईल?" नवनीत म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. हेमराजनं त्याच्याकडून माल घेणं बंद केलं. नवनीतचं त्यानं काही अडलं नाही. त्याच्या दुकानात गर्दी तशीच राहिली.

श्रावणात चैत्या गेला. मशीन चालू होतं, नळी नाकाला होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांना हेमराज मुद्दाम जाऊन भेटला. ते म्हणाले, फुप्फुसं दगड झाली होती, आज ना उद्या हे होणारच होतं. "पण होळीनंतरचे ते दिवस?" त्यानं विचारलं.  "ते सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. भूमिका म्हणायची, आते सोडी द्या. तो हो म्हणायचा. साउंडवाली पोरं अजून टोरॉइड घेऊन यायची, सांगा ना काका, किती वॅटचा? "ठेवून जा, उद्या या," एवढंच तो म्हणायचा. पोरांना वाटलं, काकांना आता जमत नाही.

दिवाळीनंतर दिवलीबाई दुकानात आली. हेमराजनं घाईनं स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"तुमचा तो मोठा इन्व्हर्टर मी खात्याभाऊकडे दिलाय," ती म्हणाली. "शेजारचा आहे. तो पण त्याच कारखान्यात होता. परत पाहिजे का तुम्हाला?"

"नको, नको. राहू द्या."

"मग अजून एक लागेल. माझ्या दिराला आता चढ चढवत नाही." तिनं बाहेर उभ्या जीपकडे पाहिलं. "आमच्या पाड्यातनं त्या कारखान्यात ट्रक भरून माणसं गेली होती, भाऊ."

 "दिवसभर चालवून पाहीन," हेमराज म्हणाला. "आणि या वेळी मी स्वतः घेऊन येतो."

"या," दिवलीबाई म्हणाली. "पण लवकर या." आणि पदर सावरत ती जीपकडे चालू लागली.